अमेरिकेतल्या चर्चशी संलग्न छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात शिकायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायचं म्हटलं की आपल्याकडे पाच-दहा मोठ्या विद्यापीठांचीच नावं निघतात. पण मिनेसोटा, आयोवा, ओहायो, इंडियाना अशा राज्यांत दीड-पावणेदोनशे वर्षं जुनी छोटी कॉलेजं आहेत. ल्युथरन, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, मेनोनाइट, मेथडिस्ट अशा कुठल्या ना कुठल्या चर्चच्या लोकांनी ती उभी केली. त्यांपैकी एका ल्युथरन कॉलेजात मी पदवी घेतली आणि तेव्हापासून विद्यार्थी आणि पालक मला सतत प्रश्न पाठवत आले आहेत. नेहमी येणारे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. फी, तारखा आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या त्या कॉलेजकडून ताजी माहिती लेखी घ्याच.

१. लिबरल आर्ट्स म्हणजे चित्रकला, नृत्य वगैरे का? आमच्या मुलाला तर गणित आवडतं.

मग त्याच्यासाठी ही जागा चांगली आहे. गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत हे सगळं इथे एकाच छताखाली असतं. बारावीनंतर लगेच शाखेच्या खोक्यात बसावं लागत नाही. चार वर्षांत साधारण तीस-पस्तीस कोर्स होतात. त्यांतले दहा-बारा मुख्य विषयाचे, म्हणजे मेजरचे. काही सगळ्यांना सक्तीचे आणि बाकीचे आपल्या आवडीचे. मेजर ठरवायला दुसऱ्या वर्षाच्या अखेरपर्यंत वेळ असतो.

विद्यार्थी दीड ते तीन हजार. पदव्युत्तर वर्ग जवळजवळ नसतात, म्हणून प्रयोगशाळेत प्राध्यापकाला मदतनीस लागला की तो पदवीच्या मुलांतूनच घेतला जातो. ओहायोतल्या वूस्टर कॉलेजात तर शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली स्वतंत्र संशोधन करून प्रबंध लिहावाच लागतो. १९४०च्या दशकापासून ही पद्धत चालू आहे.

२. ‘चर्चशी संलग्न’ म्हणजे कॉलेज चर्च चालवतं का?

याचं एकच उत्तर नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. मी ढोबळपणे तीन गट करतो.

पहिल्या गटात चर्चचं नातं फक्त इतिहासात उरलं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात १८०६ साली काही विद्यार्थ्यांनी गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना केली आणि त्यातून अमेरिकेच्या परदेशी मिशनची कल्पना पुढे आली. त्याच कॉलेजचा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरला. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कितीतरी शाळांची मुळं त्या मिशनमध्ये आहेत. एवढा इतिहास असूनही आज विल्यम्स कुठल्याही चर्चच्या अधीन नाही. मिनेसोटातलं कार्लटनही असंच. कॉन्ग्रिगेशनल पंथाच्या लोकांनी ते १८६६ मध्ये काढलं, पण आज त्याचा कारभार पूर्ण स्वतंत्र आहे.

दुसऱ्या गटात नातं जिवंत आहे, पण सक्ती थोडी. नॉर्वेहून आलेल्या ल्युथरन शेतकऱ्यांनी आणि पाद्र्यांनी १८७४ मध्ये काढलेलं मिनेसोटातल्या नॉर्थफील्डचं सेंट ओलाफ, आयोवातल्या डेकोरा गावचं ल्युथर कॉलेज (१८६१), स्वीडिश लोकांचं गस्टेव्हस अ‍ॅडॉल्फस (१८६२), क्वेकरांचं अर्लहॅम (१८४७) ही या गटातली. चॅपलची, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनागृहाची, इमारत बहुधा आवाराच्या मध्यावर असते, पाद्री नेमलेले असतात, विश्वस्तांत चर्चची माणसं असतात. प्राध्यापक मात्र कुठल्याही धर्माचे किंवा कुठलाच धर्म न मानणारेही असू शकतात. गस्टेव्हसमध्ये १९६५ पासून दरवर्षी नोबेल परिषद भरते. तिथे विज्ञानावर खुली चर्चा होते आणि कॉलेज ती अभिमानाने भरवतं.

तिसऱ्या गटात श्रद्धा हीच कॉलेजची अट असते. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात प्राध्यापकांना श्रद्धेच्या निवेदनावर सही करावी लागते आणि विद्यार्थ्यांना आचरणाच्या करारावर. मिशिगनमधल्या कॅल्विनमध्येही प्राध्यापकांनी आपल्या पंथाच्या धर्मतत्त्वांशी बांधील असणं अपेक्षित असतं.

कॉलेज कुठल्या गटातलं हे वेबसाइटवरच्या गोड वाक्यांवरून कळत नाही. ‘आम्ही सर्वांचं स्वागत करतो’ हे तिन्ही गटांतली कॉलेजं लिहितात. म्हणून सरळ चार गोष्टी विचारा. चॅपल सक्तीचं आहे का? धर्माचे किती कोर्स करावेच लागतात? इथे शिकवायला ख्रिस्ती असावं लागतं का? विद्यार्थ्याला कशावर सही करावी लागते? या चार उत्तरांत सगळं येतं. नातं काळानुसार बदलतं हेही लक्षात असू द्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रेस्बिटेरियन परंपरेच्या डेव्हिडसन कॉलेजने अध्यक्ष ख्रिस्तीच हवा ही अट २०२१ मध्ये काढून टाकली. दहा वर्षांपूर्वी शिकून आलेल्या नातेवाइकाचं मत त्यामुळे आज जसंच्या तसं धरू नका.

३. मुलीचं धर्मांतर करतील अशी आजीला भीती वाटते. काय सांगू?

आजींना आधी मुंबईचं सेंट झेवियर्स आणि विल्सन कॉलेज आठवून द्या. दोन्ही मिशनऱ्यांनी काढलेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांतली मुलं तिथून शिकून आपापल्या धर्मासह घरी आली. दुसऱ्या गटातल्या कॉलेजांत वातावरण साधारण तसंच असतं.

ही भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका, कारण तिला इतिहास आहे. गोपाळराव जोशींनी आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी अमेरिकेत मदत मागितली, तेव्हा कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डर या मिशनऱ्याने ख्रिस्ती होण्याचा मुद्दा पुढे केला होता. जोशी दांपत्याने ते मान्य केलं नाही. तो पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापून आला, कार्पेंटर नावाच्या अमेरिकन बाईंनी तो वाचला आणि आनंदीबाईंसाठी आपल्या घराचं दार उघडलं. जाण्यापूर्वी १८८३ मध्ये सेरामपूरच्या सभेत आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असं जाहीरपणे सांगितलं. पुढे त्या पेनसिल्व्हेनियातल्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या, त्याच्या स्थापनेत क्वेकर मंडळींचा मोठा हात होता. १८८६ मध्ये पदवी घेतली तेव्हाही त्या हिंदूच होत्या.

आज कॉलेज स्वतः असा आग्रह धरत नाही. आवाराबाहेरच्या काही धार्मिक संघटना मात्र नव्याने आलेल्या परदेशी मुलांना जेवायला बोलावतात, विमानतळावरून आणतात, जुनं फर्निचर देतात. त्यांतली बरीच माणसं मनापासून चांगली असतात. काहींचं पुढचं आमंत्रण बायबल-अभ्यासाचं असतं. ‘मला यायचं नाही’ असं नम्रपणे सांगितलं की विषय संपतो. कोणी पिच्छा पुरवलाच तर कॉलेजच्या पाद्र्याकडेच जा. असे प्रकार थांबवणं हे त्याचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात ते लोक ते काम चोख करतात.

४. चॅपलला जावंच लागतं का? हजेरी लावतात?

दुसऱ्या गटातल्या कॉलेजांत सहसा नाही. आठवड्यातल्या ठरावीक दिवशी सकाळी वीस-तीस मिनिटांची वेळ राखलेली असते आणि तेव्हा तास ठेवत नाहीत. कोणी चॅपलला जातं, कोणी कॉफी प्यायला, कोणी पुढच्या तासाचं वाचत बसतं. व्हीटनसारख्या ठिकाणी हजेरी सक्तीची असते आणि चुकवली तर परिणाम होतात.

सक्ती नसली तरी एखाद्या दिवशी जाऊन पाहा, असं मी सुचवेन. बोलणारा दरवेळी पाद्रीच नसतो. कधी रसायनशास्त्राची प्राध्यापिका आपल्या आजारपणाबद्दल बोलते, कधी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी घरच्या शेतीबद्दल. शिवाय संगीत. सेंट ओलाफचं गायनवृंद १९१२ पासून आहे आणि तिथल्या नाताळ-उत्सवाची परंपराही त्याच वर्षीची. कित्येक गायक-वादक विद्यार्थी एकत्र उभे राहून गातात ते ऐकायला लांबून लोक येतात. वृंदात सामील व्हायला ख्रिस्ती असावं लागत नाही, सूर लागावा लागतो.

५. धर्माचा विषय सक्तीचा असेल तर बायबल माहीत नसलेला मुलगा मागे पडेल का?

नाही पडत. ल्युथरन कॉलेजांत असे एक किंवा दोन कोर्स सगळ्यांना असतात. तिथे श्रद्धा तपासत नाहीत, वाचन तपासतात.

माझ्या वर्गात आम्ही बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचत होतो. निरपराध माणसावर संकटं का येतात, हा त्याचा विषय. लहानपणापासून रविवारच्या शाळेत गेलेली मुलं म्हणायची, ‘देव शेवटी सगळं परत देतो.’ बाई विचारायच्या, ‘हे कुठल्या ओळीत आहे? आणि ईयोबाच्या मेलेल्या मुलांचं काय?’ वर्ग गप्प. ज्यांना गोष्ट आधीपासून पाठ होती त्यांनाच ती नीट वाचायला जास्त वेळ लागत होता. माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात पेन्सिलीने एकच शब्द चार ठिकाणी लिहून आला होता : ‘पुरावा?’ पुढे अर्थशास्त्राचे पेपर लिहिताना मला त्या शब्दाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

अनेक ठिकाणी या कोर्समध्ये इस्लाम, बौद्ध किंवा हिंदू परंपरांचा पर्याय असतो. तो मिळतो का हे कोर्सच्या यादीत पाहा. गुण सोपे मिळतील म्हणून हिंदू धर्माचा कोर्स घेणाऱ्यांना मात्र सांगतो, घरी ऐकलेलं इथे चालत नाही. उपनिषदांचा उताराही ओळीओळीने फोडून दाखवावा लागतो.

६. आम्ही मराठी ख्रिस्ती आहोत. शिष्यवृत्तीत फायदा होईल का?

थोडा होऊ शकतो, पण तो गृहीत धरू नका. काही कॉलेजं आपल्या चर्चच्या सभासदांना, पाद्र्यांच्या मुलांना किंवा स्थानिक मंडळीने मदत दिली तर तेवढीच भर घालून शिष्यवृत्ती देतात. ‘आपलं चर्च’ याचा अर्थ बहुतेक वेळा त्यांच्या अमेरिकन शाखेची मंडळी असा असतो. सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, हे १९७० मध्ये अनेक पंथ एकत्र येऊन झालेलं चर्च, त्यामुळे त्याच्या सभासदाला प्रेस्बिटेरियन किंवा कॉन्ग्रिगेशनल म्हणून धरतील का, हे कॉलेजवर अवलंबून आहे. पाळकांचं पत्र जोडून स्पष्ट विचारा.

वसईकडचे कॅथलिक वाचक हे विचारतात तेव्हा मी कॅथलिक कॉलेजांकडेही पाहायला सांगतो. मॅसॅच्युसेट्समधलं जेझुइटांचं होली क्रॉस, मिनेसोटातलं बेनेडिक्टाइन साधूंचं सेंट जॉन्स आणि त्याच्या जोडीचं नन्सचं सेंट बेनेडिक्ट. शिष्यवृत्तीचा मुख्य भाग तिथेही गुणांवर आणि गरजेवरच ठरतो (प्रश्न ७ पाहा).

७. खर्च किती? वेबसाइटवरचा आकडा पाहूनच घाम फुटला.

तो आकडा छापील किमतीचा आहे. शिक्षण, राहणं आणि जेवण मिळून अशा अनेक कॉलेजांत वर्षाला ६० ते ८० हजार डॉलर लिहिलेले असतात, पण पूर्ण रक्कम भरणारे थोडे. अमेरिकेतली खासगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिक्षण-शुल्कात सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. सरकारी मदत परदेशी मुलांना मिळत नाही. कॉलेजच्या स्वतःच्या तिजोरीतून जे मिळेल तेच.

त्याचे दोन मार्ग. एक गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती. ही बहुधा प्रवेशाबरोबरच जाहीर होते आणि ठरावीक जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, राखला तर चारही वर्षं चालते. दुसरा गरजेवर आधारित मदत. त्यासाठी सीएसएस प्रोफाइल हा अनेक कॉलेजांना चालणारा आर्थिक माहितीचा फॉर्म किंवा कॉलेजचा स्वतःचा फॉर्म भरायचा आणि आई-वडिलांचं उत्पन्न, घर, शेती, कर्ज सगळं दाखवायचं. मदत मागितल्याचा परदेशी मुलांच्या प्रवेशावर परिणाम होतो. बहुतेक कॉलेजं ‘किती मदत लागेल’ हे पाहूनच निर्णय घेतात. तरीही गरज लपवू नका. मदत न मागता प्रवेश घेतला आणि दुसऱ्या वर्षी पैसे संपले, तर मागाहून दार उघडणं फार कठीण जातं.

पत्र हातात आलं की शिष्यवृत्तीचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. चाळीस हजारांची शिष्यवृत्ती देणारं कॉलेज पंचवीस हजारांची देणाऱ्यापेक्षा महाग पडू शकतं. एकूण खर्चातून सूट वजा करा, उरलेल्यात आरोग्य विमा, पुस्तकं, हिवाळी कपडे आणि विमानाचं तिकीट मिळवा, मग चारने गुणा. फी दरवर्षी वाढते, पण शिष्यवृत्ती बहुधा पहिल्या वर्षीच्या आकड्यावरच थांबते. हा फरक कर्जाच्या अर्जात धरायला लोक विसरतात. आय-२० साठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या कॉलेजच्या प्रमाणपत्रासाठी, कॉलेज एका वर्षाच्या पैशांचा पुरावा मागतं, तरी कुटुंबाने हिशोब चार वर्षांचाच करावा.

एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. ग्रंथालय, भोजनगृह, जिमखाना. त्यातून हातखर्च निघतो, फी निघत नाही.

केंटकीतलं बेरिया कॉलेज इथे वेगळं सांगायला हवं. ते कुठल्या एका पंथाचं नाही, पण ख्रिस्ती पायावर १८५५ मध्ये उभं राहिलं. तिथे शिक्षण-शुल्क घेतच नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावं लागतं. परदेशी मुलांसाठी जागा अगदी मोजक्या असतात, त्यामुळे फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

८. प्रवेशासाठी सीईटी, जेईई लागते का? बारावीचे टक्के किती हवेत?

सीईटी आणि जेईईचा इथे काही उपयोग नाही. नववीपासूनची गुणपत्रकं, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा आणि निबंध लागतात. सॅट ही अमेरिकन प्रवेशपरीक्षा अनेक ठिकाणी ऐच्छिक आहे. अर्ज अनेक कॉलेजांना एकत्र चालणाऱ्या कॉमन अ‍ॅपवरून जातो, लवकरच्या फेरीची मुदत नोव्हेंबरात आणि नेहमीची साधारण जानेवारी-फेब्रुवारीत.

आपल्या मुलांची अडचण होते ती शिफारसपत्रात. ‘विद्यार्थी हुशार व शिस्तप्रिय आहे’ एवढ्याने काहीच साधत नाही. जे शिक्षक मुलाला खरंच ओळखतात, मग ते अकरावीचे साधे प्रयोगशाळेचे सर का असेनात, त्यांना एखादा प्रसंग लिहायला सांगा. छोट्या कॉलेजात प्रवेश समितीतली माणसं प्रत्येक फाइल स्वतः वाचतात, आणि चर्चच्या कॉलेजांत ‘तू कुणासाठी काय केलंस’ याला वजन असतं. गावच्या पाण्याच्या टँकरची यादी सांभाळली असेल तर ते जरूर लिहा. मात्र बायबलची वचनं घालून निबंध सजवू नका, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

९. गाव एवढंसं, त्यात बर्फ. मूल एकटं पडणार नाही का?

माझ्या मते चर्चच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे. पालक चार पत्रं धर्मावर पाठवतात आणि गावाबद्दल शेवटच्या ओळीत विचारतात. खरं तर उलट हवं.

नॉर्थफील्डच्या पाटीवर गायी, कॉलेजं आणि समाधान अशा अर्थाचं ब्रीद आहे आणि गाव तसंच आहे. एक नदी, एक मुख्य रस्ता, हवेत अधूनमधून नाश्त्याच्या सीरियलच्या कारखान्याचा भाजका गोडसर वास. मिनिआपोलिसला जायला गाडीने पाऊण-एक तास. जानेवारीत तापमान उणे वीसच्या खाली जातं. नाकातले केस गोठल्याचं कळतं. पहिल्या हिवाळ्याचे कपडे पुण्यातून नेऊ नका. तिथे जाऊन जुन्या विद्यार्थ्यांबरोबर सेकंड-हँड दुकानातून घ्या, निम्म्या पैशात दुप्पट ऊब मिळते.

छोटेपणाच्या दोन बाजू आहेत. तासाला नाही गेलात तर प्राध्यापक संध्याकाळी मेल करून विचारतात, बरं आहे ना. ज्याला हे आवडतं त्याची भरभराट होते. आणि एखाद्याशी भांडण झालं तर तोच माणूस दिवसातून तीनदा भोजनगृहात समोर येतो. मोठ्या शहरात हरवून जायला ज्याला आवडतं, त्याने अशा ठिकाणी चार वर्षं बांधून घेऊ नयेत.

एक गोष्ट आधी विचारून ठेवा. नाताळच्या सुट्टीत वसतिगृह आणि भोजनगृह उघडं असतं का? बऱ्याच ठिकाणी बंद असतं. मग यजमान कुटुंब, मित्राचं घर किंवा परवानगी काढून रिकाम्या इमारतीत राहणं. ही सोय ऑक्टोबरातच लावायची असते.

१०. शाकाहारी मुलीचं कसं होईल? देवपूजा, दिवाळी?

पोट भरतं, कंटाळा येतो. शाकाहारी आणि व्हीगन पदार्थ रोज असतात, पण चवीचं काय ते स्वतः पाहायचं. जैन जेवण हवं असेल तर आधी भोजनगृहाच्या व्यवस्थापकाशी बोला. छोट्या जागी तो माणूस खरोखर भेटतो आणि ऐकतो. पहिल्या वर्षी भोजनगृहाचे पैसे भरणं बहुतेक सक्तीचं असतं, म्हणून ‘खोलीवर करून खाईन’ हा विचार सोडा.

खोलीत गणपती, तसबीर ठेवायला कोणाची हरकत नसते. निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती मात्र चालत नाही. कारण आगीचे नियम, आणि ते नाताळच्या मेणबत्त्यांनाही तितकेच लागू असतात. अलार्म वाजला की अख्खी इमारत थंडीत बाहेर येते. पाद्री-कार्यालयाला सांगितलं तर ध्यानाची खोली किंवा दिवाळीसाठी सभागृह मिळतं. मिनेसोटातल्या मुलांना मेपल ग्रोव्हचं हिंदू मंदिर आणि शहरातल्या मराठी मंडळींचा गणपती आहेच, फक्त गाडीवाला मित्र आधी शोधावा लागतो.

११. दारूबंदी, मुलामुलींचं वसतिगृह याबद्दल नियम कडक असतात का?

सेंट ओलाफसारख्या ठिकाणी आवारात दारूबंदी आहे, वय काहीही असो. अमेरिकेत कायद्यानेच २१ वर्षांखाली दारू पिता येत नाही. पिणारे लपून पितात, पण न पिणाऱ्या मुलाला शनिवारची रात्र काढायला पर्याय जास्त मिळतात. वसतिगृह बहुधा मिश्र असतं, मजल्यांची किंवा खोल्यांची विभागणी असते. तिसऱ्या गटात नियम बरेच कडक असतात. व्हीटनमध्ये तर विद्यार्थ्यांच्या नाचावरची जुनी बंदी २००३ मध्ये उठली.

१२. मी समलिंगी आहे. घरी माहीत नाही. अशा कॉलेजात सुरक्षित राहीन का?

कॉलेज नीट निवडलं तर हो, आणि म्हणूनच ही निवड इतरांपेक्षा जास्त काळजीने करा. चर्चच्या नावावरून अंदाज बांधू नका, त्या त्या कॉलेजचं लेखी धोरण वाचा. इंडियानातल्या मेनोनाइट गोशन कॉलेजने २०१५ मध्ये समलिंगी विवाह केलेल्यांनाही नोकरी देण्याचं ठरवलं आणि त्यासाठी ख्रिस्ती कॉलेजांच्या संघटनेतून बाहेर पडणं पत्करलं. उलट काही कॉलेजांच्या आचरण-करारात समलिंगी संबंध हा नियमभंग ठरतो. धार्मिक संस्थांना भेदभावविरोधी कायद्यातून काही सूट मागता येते, त्यामुळे तिथे तक्रार करूनही उपयोग होईलच असं नाही.

करारातली भाषा, विद्यार्थ्यांचा अधिकृत गट आहे की नाही, आणि समुपदेशन-केंद्र गोपनीयता कशी पाळतं, हे पाहा. वर्ष-दोन वर्ष आधी तिथे गेलेल्या एखाद्याशी बोलता आलं तर फार बरं. शक्य असेल तर जाण्याआधी इथेही एक विश्वासाचा माणूस असू द्या.

१३. या कॉलेजांचं नाव इथे कोणाला माहीत नसतं. नोकरी कोण देणार?

मुंबईतल्या एचआरला नाव माहीत नसेल, हे खरं. मिनिआपोलिस, शिकागो, सिनसिनाटी इथल्या कंपन्यांना मात्र ती नावं चांगली माहीत असतात, आणि माजी विद्यार्थी एकमेकांचे फोन उचलतात. पुढे संशोधन करायचं असेल तर उलट फायदाच आहे. पदवीधरांच्या संख्येच्या मानाने पीएचडीपर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण पाहिलं तर स्वार्थमोर, कार्लटनसारखी छोटी कॉलेजं खूप वर असतात.

पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी-व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. मेजर सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतलं असेल तर आणखी २४ महिने. अर्थशास्त्राच्या बाबतीत एक बारकावा आहे. काही कॉलेजांनी तो विषय संख्यात्मक अर्थशास्त्र म्हणून नोंदवला आहे, तिथे तो स्टेम धरला जातो. काहींनी तसं केलेलं नाही. आय-२० वरचा विषय-क्रमांक विचारून घ्या, एका क्रमांकामुळे दोन वर्षांचा फरक पडतो.

१४. तिथून डॉक्टर किंवा इंजिनिअर होता येतं का?

इंजिनिअरिंगसाठी काही कॉलेजांचा ‘तीन अधिक दोन’ करार असतो. तीन वर्षं इथे, दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात, शेवटी दोन पदव्या. दुसऱ्या टप्प्यात शिष्यवृत्ती मिळेलच असं नाही. वैद्यकीयचं मन असेल तर मी स्पष्टपणे नको म्हणेन. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयं परदेशी विद्यार्थी फार थोडे घेतात, आणि भारतात परत येऊन एमबीबीएसला नीटशिवाय दार नाही.

१५. परत आल्यावर ही पदवी भारतात मान्य होते का?

मान्यताप्राप्त कॉलेजची चार वर्षांची पदवी असेल तर खासगी नोकरीत अडचण येत नाही. सरकारी नोकरी किंवा इथल्या पुढच्या शिक्षणासाठी समकक्षता लागते. यूजीसीने २०२५ मध्ये त्याची नवी नियमावली काढली आहे, तीच पाहा, जुन्या सल्ल्यावर जाऊ नका. अमेरिकेत कॉलेजला प्रादेशिक मान्यता आहे का, हे जाण्यापूर्वी तपासा. चर्चचं नाव म्हणजे मान्यता नव्हे. काही बायबल-कॉलेजांची मान्यता वेगळ्या प्रकारची असते.

१६. छोटी कॉलेजं बंद पडत आहेत असं वाचलं. आमचं बंद पडलं तर?

भीती खरी आहे. १८४२ चं आयोवा वेस्लियन २०२३ मध्ये बंद झालं, त्याच वर्षी मिशिगनमधलं फिनिश ल्युथरनांचं फिनलँडिया. अलाबामातलं मेथडिस्ट परंपरेचं बर्मिंगहॅम-सदर्न ३१ मे २०२४ ला बंद झालं, तेव्हा त्यांचा बेसबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. अठरा वर्षांच्या मुलांची संख्या घटते आहे, सूट देऊन देऊन उत्पन्न आटतं, आणि ज्यांची ठेव, म्हणजे एन्डाउमेंट, लहान आहे ती कॉलेजं टिकत नाहीत.

म्हणून प्रवेश घेण्याआधी चौकशी करा. दहा वर्षांत विद्यार्थीसंख्या किती घटली? ठेव किती? मान्यता देणाऱ्या संस्थेने इशारा किंवा निरीक्षणाखाली ठेवलं आहे का? विषय आणि प्राध्यापक एकदम कमी केलेत का? बहुतेक खासगी कॉलेजांचं ९९० हे करविवरण सार्वजनिक असतं. आकडे वाचणारा सी.ए. ओळखीत असेल तर त्याला तासभर द्या. खूप मोठी शिष्यवृत्ती आणि खूप घाई करणारी पत्रं एकत्र आली तर जास्त बारकाईने पाहा.

बंद पडलंच तर आसपासची कॉलेजं सहसा सामावून घेण्याचे करार करतात. परदेशी विद्यार्थ्याने सर्वांत आधी परदेशी-विद्यार्थी कार्यालयात जाऊन आपली सेव्हिस नोंद, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यंत्रणेतली नोंद, दुसऱ्या कॉलेजकडे वेळेत हलवून घ्यावी. कार्यालयातले लोक कामावर आहेत तोवरच हे सहज होतं. गुणपत्रकाच्या सीलबंद प्रती आणि प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रमही त्याच आठवड्यात घ्या. नंतर ते कुठे मिळतील, हे शोधत बसावं लागतं.

१७. प्रवेश मिळाला, आणि आता श्रद्धेच्या किंवा आचरणाच्या करारावर सही मागताहेत. नुसती करून टाकू का?

वाचल्याशिवाय नको. हा प्रश्न मला बहुधा मे महिन्यात येतो, व्हिसाची तारीख तोंडावर असताना. आधी पाहा की मजकूर आचरणाचा आहे की श्रद्धेचा. दारू पिणार नाही, कॉपी करणार नाही, चॅपलला येईन, एवढंच असेल तर ते नियम आहेत. चार वर्षं पाळता येतील का ते ठरवा आणि पाळा. पण ‘मी अमुक मानतो’ असं लिहिलं असेल आणि तुम्ही ते मानत नसाल, तर सही करू नका. प्रवेश-कार्यालयाला मेल लिहा : ‘मी हिंदू (किंवा बौद्ध, मुस्लिम, नास्तिक) आहे. मी आचरणाचे नियम पाळेन, पण श्रद्धेच्या विधानावर सही करू शकत नाही. चालेल का?’ काही ठिकाणी अन्यधर्मीय विद्यार्थ्यांसाठी वेगळा मजकूर असतो आणि तो मागितल्यावरच पाठवतात. काही ठिकाणी ‘नाही’ असं उत्तर येतं. मग दुसऱ्या पसंतीच्या कॉलेजला त्याच दिवशी कळवा, कारण तिथली जागा आणि शिष्यवृत्ती मुदतीपर्यंतच राखलेली असते. दोन्ही मेल जपून ठेवा.